एकाच पट्ट्यावरील दोन यंत्रें
मोटारींत हवा थंड करणारें यंत्र कारखान्यांतूनच बसवून देण्याचा पहिला मान अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीचा. तिच्या १९४० च्या गाड्यांत तें यंत्र बंद ठेवावयाचें तर इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे.

जुन्या गाडींतील असें यंत्र निकामी झालें, म्हणजे तें समूळ काढण्याचा मोह मालकास होतो. परंतु कित्येक गाड्यांत त्याचा काँप्रेसर आणि वीज उत्पन्न करणारा आल्टरनेटर हे एकाच पट्ट्यावर, क्वचित् एकाच आधारावर असतात. एक काढला कीं दुसरा निराधार होतो. म्हणून आल्टरनेटरला नवा भक्कम आधार द्यावा, त्याची कप्पी इंजिनाच्या कप्पीशीं एका पातळींत आणावी, व योग्य लांबीचा पट्टा घालावा. कप्पी तिरपी राहिल्यास पट्टा झिजतो. पट्टा सैल राहिल्यास घसरतो व बॅटरी भरत नाहीं. फाजील ताणल्यास बेअरिंगें बिघडतात. पाण्याचा पंपहि त्याच पट्ट्यावर असेल, तर पट्टा तुटतांच इंजिन तापूं लागतें.

मात्र सर्वांआधीं यंत्रांतील वायु जाणत्या कारागिराकडून टाकींत काढून घ्यावा. जुना आर-१२ वायु ओझोनच्या थरास घातक. १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यावर बंधनें घातलीं तीं याच कारणास्तव. नंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि मगच पान्यास हात घालावा.