थंडीत गिअर का अडतो?

लडाखमधील लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत तिथे रात्री पारा शून्याखाली १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. द्रासला तर तो उणे २० च्याही खाली जातो. अशी रात्र उघड्यावर काढलेली गाडी सकाळी सुरू केली, तर इंजिन धडधडू लागते, पण गिअर हट्टाला पेटतो. पहिला कसाबसा पडतो. पहिल्यावरून दुसऱ्यात टाकताना दांडा मध्येच अडतो, जोर लावला की जड जड आत जातो. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालली की तोच दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरू लागतो.

गाडी जुनी असेल तर मालक झिजेला बोल लावतो. पण ती दोन महिन्यांपूर्वी घेतलेली कोरी गाडी असेल तर? दुपारच्या उन्हात ती गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिकला काहीच सापडत नाही. इथे दोन प्रकारे नुकसान होऊ शकते. दोष नसताना गिअरबॉक्स उघडला जातो. किंवा दोष खराच असतो, पण ‘थंडीमुळे होतं’ या एका वाक्यावर त्याची बोळवण होते आणि वॉरंटीची मुदत उलटून जाते. कोणती गोष्ट थंडीमुळे होते आणि कोणती बिघाडामुळे, हे वेगळे कसे काढायचे? त्यासाठी शाळेतले पदार्थविज्ञान बरेचसे पुरते.

तेल दाट होते म्हणजे काय होते?

थंडीत खोबरेल गोठते हे आपण सगळे पाहतो. साधारण २४ अंशांच्या खाली ते घट्ट होऊ लागते. इथे द्रवाचा घन होतो, म्हणजे अवस्था बदलते. एरंडेलाचे तसे नाही. ते द्रवच राहते, पण गारठ्यात अधिकाधिक दाट होत जाते. वाहण्याला होणाऱ्या या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. ती सेंटिपॉइज या एककात मोजतात. २० अंशांच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज असते. एरंडेलाची ४० अंशांना सुमारे २३०, ३० अंशांना ४५०, २० अंशांना ९९० आणि १० अंशांना २४०० सेंटिपॉइज भरते. तापमान केवळ ३० अंशांनी उतरले आणि श्यानता दहापट झाली! शिवाय प्रत्येक दहा अंशांना ती दुपटीने किंवा त्याहून अधिक वाढते. म्हणजे ही वाढ बेरजेची नाही, गुणाकाराची आहे.

गिअरबॉक्समधले तेल बहुतांशी एरंडेलासारखे वागते. खनिज तेलात थोडे मेणही असते. कडक थंडीत त्याचे स्फटिक होतात आणि दाटपणात भर पडते. डिझेललाही हाच मेणाचा त्रास होतो. म्हणूनच २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले.

गिअर तेलाच्या डब्यावर ‘७५ डब्ल्यू-९०’ किंवा ‘८० डब्ल्यू-९०’ असे छापलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्यामागचा आकडा तेलाची थंडीतली मर्यादा सांगतो. श्यानता १,५०,००० सेंटिपॉइजच्या वर जाता कामा नये, ही अट ८५ डब्ल्यू तेलाने उणे १२ अंशांपर्यंत, ८० डब्ल्यूने उणे २६ पर्यंत आणि ७५ डब्ल्यूने उणे ४० पर्यंत पाळायची असते. दीड लाख सेंटिपॉइज म्हणजे मधाच्या कितीतरी पट दाट. गाडी तापल्यावर, १०० अंशांच्या आसपास, याच तेलाची श्यानता दहा-बारा सेंटिपॉइजवर येते. एकाच पेटीतले एकच तेल, पण त्याच्या दाटपणात हजारो पटींचा फरक! लेहच्या सकाळी ८५ डब्ल्यू तेल आपली मर्यादा ओलांडू शकते, हेही या आकड्यांवरून दिसते.

दोन पेल्यांचे कोडे

आता गिअर बदलताना काय घडते ते पाहू. समजा, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि दुसऱ्याचे १.९ आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे करत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये चाकांकडे जाणारा दंड ३००० भागिले ३.५, म्हणजे सुमारे ८५७ फेरे करतो. दुसरा गिअर पडायचा तर इंजिनाकडील दंडाचा वेग ८५७ गुणिले १.९, म्हणजे सुमारे १६३० व्हायला हवा. ३००० वरून १६३०, तेही क्षणार्धात. क्लच दाबल्यामुळे हा दंड इंजिनापासून सुटलेला असतो, पण त्याचा वेग कोणीतरी उतरवायला हवा. तो जुळण्याआधीच दाते एकमेकांत घुसवले तर ‘खर्र’ असा आवाज होतो आणि दाते झिजतात.

पूर्वी हा मेळ चालकालाच जमवावा लागे. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत ‘सिंक्रोमेश’ आले आणि हे काम यंत्राकडे गेले. त्यातला मुख्य भाग म्हणजे एक निमुळते कडे. गिअरच्या चाकावर तसाच निमुळता शंकू असतो. आपण दांडा ढकलतो तेव्हा कडे शंकूवर दाबले जाते, घर्षणाने दोघांचा वेग एक होतो आणि मगच दात्यांना वाट मिळते. वेग जुळेपर्यंत हेच कडे वाट अडवून धरते. म्हणजे दांडा अडणे ही मुळात त्या कड्याची कामगिरी आहे!

स्वयंपाकघरातले दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. एकात एक घालून दाबा आणि वरचा फिरवा. दोघे एकमेकांना घट्ट धरतात, एक फिरवला की दुसराही फिरतो. हेच कडे आणि शंकू. आता आतल्या पेल्याला बाहेरून एरंडेल लावा आणि पुन्हा दाबून फिरवा. तो निसटतो. मधला तेलाचा थर दाबाने बाजूला होईपर्यंत धातूला धातूची पकड मिळत नाही. पेले आणि तेल बर्फात गार करून पाहिले, तर थर हटायला जास्त वेळ लागतो. सिंक्रोनायझरच्या कड्यावर बारीक आटे आणि खाचा असतात, त्या तेलाला पळून जायला वाट देण्यासाठीच. पण मधाहून दाट तेल त्या वाटेनेही लगेच जात नाही. तेवढा वेळ कडे घसरते, वेग जुळत नाही आणि दांडा अडून राहतो.

दाट तेल आणखी एक काम करते. ते फिरत्या दंडाला ब्रेक लावते. वरचा गिअर टाकताना दंडाचा वेग उतरवायचाच असतो, त्यामुळे हा ब्रेक मदत करतो. खालचा गिअर टाकताना मात्र वेग वाढवायचा असतो आणि तेल उलट ओढते. मग वरचा गिअरही का अडतो, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर पेल्यांनी दिलेलेच आहे: त्या तेलाच्या थरामुळे.

नव्या गाडीत कड्यांचे पृष्ठभाग शंकूशी पुरते रुळलेले नसतात. पहिल्या काही हजार किलोमीटरांत ते एकमेकांवर घासून बसतात आणि बऱ्याच गाड्यांत अडथळा आपोआप कमी होतो. पण ‘रुळेल हळूहळू’ म्हणून तक्रार नोंदवायची टाळू नये.

दोष शोधताना

विज्ञानाच्या तासाला आपण सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. इथेही तेच करायचे. गाडी रात्रभर गार झालेली असावी, जागा सपाट व मोकळी असावी आणि पाय ब्रेकवर असावा.

१. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पहा. आता काहीही फिरत नाही, त्यामुळे वेग जुळवण्याचा प्रश्नच नाही. (एखादा गिअर दात्यावर दाता आल्याने अडला तर क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा.) दांडा इथेही, अगदी न्यूट्रलमध्ये डावीउजवीकडे हलवतानाही, जड वाटला तर गिअरची केबल आणि जोडण्या तपासायला हव्यात. केबलच्या आवरणात शिरलेले पाणी गोठले तरी असे होते.

२. इंजिन बंद असताना पहिला गिअर सहज पडतो, पण चालू असताना उभ्या गाडीतही पडत नाही. तर संशय क्लचवर घ्यावा. क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच पूर्ण सुटत असेल तर एवढ्या वेळात दाट तेलाने दंड थांबवलेला असतो. तरीही खर्र आवाज आला, तर कोणीतरी तो दंड फिरवते आहे, आणि ते इंजिनच. दोन-तीनदा पेडल मारल्यावर सुधारणा झाली, तर क्लचच्या द्रवात हवा शिरली आहे का किंवा द्रव कमी आहे का, ते पाहावे.

३. सावकाश जाताना दुहेरी क्लच करून पहा. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि मग दुसरा टाका. यात वेग जुळवण्याचे बरेच काम इंजिन करते. असे केल्यावर गिअर सहज पडला, तर केबलही ठीक आणि क्लचही ठीक. अडचण कड्यापाशी आहे.

४. कड्याची अडचण थंडीची की बिघाडाची, हे गरम गाडी सांगते. तेल तापत जाईल तसा अडथळा हळूहळू आणि सगळ्या गिअरमध्ये कमी झाला, तर कारण तेल. गाडी तापल्यावरही एकच गिअर त्रास देत राहिला, तर त्या गिअरचे कडे सदोष असण्याची शक्यता मोठी. आवाजाकडेही लक्ष द्या. थंडीतला अडथळा बहुधा मुका असतो, कारण कडे वाट अडवण्याचे काम चोख करत असते. वारंवार होणारी खरखर म्हणजे ते काम त्याला जमत नाही.

या निरीक्षणांची वही ठेवावी. तारीख, बाहेरचे तापमान, किती किलोमीटरनंतर फरक पडला, कोणता गिअर अडला. अशी आठ दिवसांची नोंद ‘सकाळी गिअर जड पडतो’ या तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार ठरते. शक्य असेल तर गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून सकाळी मेकॅनिकलाच पहिली फेरी मारायला सांगावी. दुपारच्या गाडीत सकाळचा रोग दिसत नाही.

उपाय

तेल हेच कारण ठरले तर उपाय सोपे आहेत. गाडी उभी ठेवून इंजिन तासभर चालवण्यात अर्थ नाही. इंजिनाला जळत्या इंधनाची उष्णता मिळते, गिअरबॉक्सचे तेल मुख्यतः स्वतःच्या घुसळणीने तापते, आणि उभ्या गाडीत ती घुसळण फारच थोडी होते. सुरू केल्यावर मिनिटभर थांबून सावकाश निघावे. पहिले काही किलोमीटर कमी फेऱ्यांवर गिअर बदलावे आणि दांड्यावर बेताचा दाब धरून तो आपणहून आत जाईपर्यंत थांबावे. हिसका मारल्याने तेल लवकर हटत नाही, झीज मात्र कड्याची होते.

तेल बदलायचे तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीतलेच, थंड प्रदेशासाठी सुचवलेले घ्यावे. केवळ पातळ म्हणून दुसरे ओतू नये. काही गिअर तेलांतली गंधकयुक्त रसायने पितळेच्या कड्यांना मानवत नाहीत, आणि तेल फार निसरडे असले तर कड्याला पकडच मिळत नाही. शिवाय चुकीच्या तेलाने वॉरंटीवर पाणी पडू शकते.

वर्गात करून पहा

निफाडच्या गारठ्यातही गिअर किंचित जड वाटतो, पण प्रयोगाला गाडी लागतेच असे नाही. दोन लांब परीक्षानळ्यांत एरंडेल घ्या. एक बर्फाच्या पाण्यात, दुसरी कोमट पाण्यात ठेवा. पंधरा मिनिटांनी दोन्हींत सायकलच्या फ्रीव्हीलमधला एकेक छर्रा सोडा आणि तळाला पोचायला लागणारा वेळ मोजा. मग निरनिराळ्या तापमानांना वेळ मोजून आलेख काढायला सांगा. तो सरळ रेषेत का येत नाही, हा प्रश्न मुलांनाच पडू द्या. त्याचे उत्तर शोधताना ती लेहच्या गाडीपर्यंत आपसूक पोचतील.