डोळ्यांना सुख, खिशाला ‘हर्ट्झ’!

माहीत आहे का? १४४ म्हटलं की आजोबांना जमावबंदी आठवते आणि नातवाला मॉनिटर! जमावबंदीचं ते कलम १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात १६३ झालं. मॉनिटरवाले कसले मागे राहतात? त्यांनी १४४ चं कधीच १६५ करून टाकलं. सरकारपेक्षा दोनने पुढे!

हा आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकते, त्याचा हिशेब. ऑफिसातला गरीब मॉनिटर ६० वेळा. गेमिंगवाला १४४, २४०, ३६०... २०२३ मध्ये तर एसुसने ५४० हर्ट्झपर्यंत धावणारा मॉनिटर आणला. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग धरा, तेवढ्यात ह्या पठ्ठ्याची ५४ चित्रं होऊन जातात!

आणि हर्ट्झ कोण? हाइनरिश हर्ट्झ, रेडिओ लहरी प्रयोगाने सिद्ध करून दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ. वयाच्या ३६ व्या वर्षीच गेले बिचारे. आज त्यांचं नाव पोरं ‘भाई, किती हर्ट्झ?’ असं घेतात.

आता एक गंमत करा. माऊसचा बाण स्क्रीनवर गरगर फिरवा. ६० वर बाणांची विरळ माळ दिसेल, मध्ये मध्ये फुलं गळाल्यासारखी. १४४ वर तोच गजरा गच्च ओवलेला! गेममध्ये भिंतीआडून शत्रू धावत येतो तेव्हा हीच फुलं कामी येतात. पळती आकृती कमी फरफटते, नेम धरायला सोपी जाते.

पण थांबा, खरी मेख गणितात आहे. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. म्हणजे पहिल्या उडीत जवळजवळ १० मिलिसेकंद वाचले, दुसरीत तीनही नाहीत, तिसरीत तर दीडही नाही! किंमत मात्र प्रत्येक उडीला वर. माझं ऐकाल तर १४४-१६५ पर्यंत पैसा वसूल. त्यापुढचं दुकान स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी आणि मिरवणाऱ्यांसाठी. (दुसरी जमात मोठी आहे!)

माहीत आहे का, हे वेड पसरायला थ्रीडी चष्म्यांचाही हात होता? २००९ च्या आसपास १२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर आले ते डाव्या डोळ्याला ६० आणि उजव्या डोळ्याला ६० चित्रं वाटून द्यायला. चष्मे माळ्यावर गेले, हर्ट्झ टेबलावर राहिले.

पंगतीचा प्रॉब्लेम! मॉनिटर २४० चा आणि ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ७० चित्रं देणारं असेल, तर ताटं मांडली २४० आणि पोळ्या लाटल्या ७०. ‘व्हॅलोरंट’सारखा हलका गेम साध्या पीसीवरही भराभर पोळ्या देतो. ‘सायबरपंक २०७७’ मात्र भल्याभल्यांचा तवा तापवतो. म्हणून जी-सिंक किंवा फ्रीसिंक असलेला मॉनिटर घ्या. पोळी तयार झाली की मगच ताट पुढे करणारा तो शहाणा वाढपी आहे.

डब्यावर ठळक छापलेला ‘१ मिलिसेकंद’ रिस्पॉन्स टाइम (म्हणजे ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ) पाहून हुरळू नका. तो आकडा बहुधा ठिपक्यांना घाई करणारी ओव्हरड्राइव्हची सेटिंग पार वर नेल्यावर मिळतो, आणि मग हलत्या वस्तूमागे चमकदार भूत लागतं. स्वस्त व्हीए पॅनलची (एलसीडीचाच एक प्रकार) तऱ्हा आणखी वेगळी. अंधाऱ्या सीनमध्ये हिरोच्या मागे काळी शेपटी! ओलेड पॅनल दोन्हींतून सुटलं, पण स्कोअरची पाटी तासन्तास एकाच जागी ठेवली तर तिचा डाग कायमचा बसण्याची भीती.

डोळ्यांच्या वेगाचंच म्हणाल तर घरातली माशी सेकंदाला सुमारे २५० वेळा होणारी लुकलुकही वेगळी ओळखते म्हणे. गेमर व्हायचे सगळे गुण आहेत, फक्त माऊस झेपत नाही.

आणि आता आमच्या घरातला रेकॉर्ड. माझ्या भाच्याने ताईच्या मागे लागून १४४ वाला मॉनिटर आणला आणि आठ महिने मित्रांना ‘स्मूदनेस’ समजावत हिंडला. दिवाळीत मी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये सहज डोकावले. आत आकडा होता ६०! नवा मॉनिटर लावल्यावर विंडोज बऱ्याचदा ६० वरच बसून राहतं. आकडा आपल्याला हाताने बदलावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बदलला. त्याने बाण एकदा गरगरवला आणि पुढची दोन मिनिटं चकार शब्द काढला नाही. फराळाचं ताटही तसंच.

रात्री त्याच स्क्रीनवर सगळ्यांनी सिनेमा लावला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आणि २४ सक १४४! मॉनिटरने प्रत्येक चित्र इमानदारीत सहा-सहा वेळा दाखवलं, एकही कमी-जास्त नाही. कॅमेरा डोंगरावरून सर्रकन फिरला, तसा भाचा ताडकन उठून बसला.

“मावशी, हे लॅग मारतंय का गं?”