लूपदखे ते परसाद : छत्तीसगढच्या जोडाक्षरांचा शोध

सरगुजा जिल्ह्यातल्या रामगढच्या डोंगरात जोगीमारा नावाची गुहा आहे. तिच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत काही ओळी कोरलेल्या आहेत. त्यांचा काळ साधारण इसवी सनापूर्वीचं तिसरं किंवा दुसरं शतक मानला जातो. सुतनुका नावाच्या देवदासीवर देवदिन्न नावाच्या कलावंताचं प्रेम होतं, एवढाच मजकूर. राजाज्ञा नाही, दानपत्र नाही, म्हणून हा लेख वाचताना आजही मन हलतं. भाषेच्या अभ्यासकाची नजर मात्र देवदिन्नाच्या व्यवसायापाशी अडकते. संस्कृतात तो ‘रूपदक्ष’ झाला असता, म्हणजे शिल्पी किंवा चित्रकार. गुहेत तो आहे ‘लूपदखे’. ‘र’चा ‘ल’ झाला आणि ‘क्ष’ हे जोडाक्षर मोडून ‘ख’ उरला. ‘देवदत्त’चा ‘देवदिन्न’ झालाच होता.

यात कोरणाऱ्याची चूक काढायचं कारण नाही. ओडिशातल्या धौलीच्या शिलालेखात सम्राट अशोक ‘पियदसि लाजा’ आहे. पश्चिमेला गिरनारवर तोच ‘प्रियदसि’ आहे, तिथे ‘प्र’ टिकला. राजा एक, मजकूर एक, पण प्रत्येक प्रदेशाच्या जिभेचे कायदे वेगळे. जोगीमाराचा लेख पूर्वेकडच्या त्या मागधी कायद्याने लिहिलेला आहे.

आता रायपूरला येऊ. गोलबाजारात छत्तीसगढी बोलणाऱ्या माणसांत थोडा वेळ उभं राहिलं की कानावर येतं : परसाद, धरम, जनम, दरसन, किरपा, मूरख, धियान, गियान, सुवाद, दुवारी, टेसन, इसकूल. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत आणि अशा घरांत, तसंच हिंदी घरांतही, हे उच्चार ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला सारले जातात. शाळेत मुलांना त्यावरून टोकलं जातं. मला हे फार खटकतं, कारण या शब्दांमागे इतके काटेकोर नियम आहेत की त्यांच्या आधारे न ऐकलेल्या शब्दाचा उच्चारही आधी सांगता येतो. जे आधी सांगता येतं त्याला बिघाड कसं म्हणायचं?

या भाषेचं व्याकरण हिंदीच्या अनेक बोलींच्या आधी लिहिलं गेलं, हेही मराठी वाचकांना फारसं माहीत नसतं. धमतरीच्या शाळेचे मुख्याध्यापक हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली ते सिद्ध केलं. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद करून १८९०मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. भारतीय भाषांचं प्रचंड सर्वेक्षण ग्रिअर्सननी पुढे उभं केलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. २०११च्या जनगणनेत छत्तीसगढी मातृभाषा सांगणारे १ कोटी ६२ लाखांहून अधिक होते आणि २००७च्या नोव्हेंबरात विधानसभेने तिला राजभाषेचा दर्जा दिला.

नियमाकडे वळताना पहिला गैरसमज दूर करू. छत्तीसगढीला जोडाक्षरं जमत नाहीत, हे खरं नाही. भाषेच्या नावातच ‘त्त’ आहे. लोकनाट्यातला ‘गम्मत’ आहे, ‘पक्का’ आहे. ‘चटनी’ लिहिताना जोडाक्षर दिसत नाही, पण बोलताना ती ‘चट्नी’च असते. करमा हे नृत्य कोणी ‘करमा’ लिहितं, कोणी ‘कर्मा’, तोंडात मात्र ‘र’ आणि ‘म’ एकमेकांना लागूनच येतात. म्हणजे लिपीतलं जोडाक्षर आणि तोंडातला व्यंजनसंयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि देवनागरी त्या नेहमी वेगळ्या दाखवत नाही.

मग अडतं कुठे? शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी. बोलताना शब्द स्वराभोवती जमलेल्या तुकड्यांत बाहेर पडतो. अशा एका तुकड्याला अवयव म्हणू. ‘चट्नी’त ‘ट’ पहिल्या अवयवाला मिटवतो आणि ‘न’ दुसरा उघडतो, दोघांची घरं वेगळी. ‘प्रसाद’मध्ये मात्र ‘प’ आणि ‘र’ दोघांनाही एकाच अवयवाच्या दारातून शिरायचं असतं. ‘धर्म’मध्ये ‘र’ आणि ‘म’ दोघांनाही शेवटच्या दारातून बाहेर पडायचं असतं. छत्तीसगढीचा जुना कायदा सांगतो, एका दारात एकच व्यंजन. म्हणून मध्ये स्वर येतो आणि परसाद, धरम तयार होतात. आपल्या प्राचीन ध्वनिशास्त्राने अशा स्वराला ‘स्वरभक्ती’ असं सुंदर नाव दिलं आहे. याचा चोख पुरावा ‘क्ष’ देतो. शब्दाच्या मध्ये ‘रक्षा’ची ‘रच्छा’ होते, दोन व्यंजनं टिकतात, पण शब्दाच्या सुरुवातीला ‘क्षमा’ची नुसती ‘छमा’ होते, कारण तिथे दुसऱ्याला जागाच नाही.

अवयवाची ही सीमा मराठी माणसाच्या ओळखीची आहे, फक्त तिच्याकडे लक्ष गेलेलं नसतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. व्यंजनं तीच, ‘र’ आणि ‘य’. ‘दर्या’त ‘र’ पहिल्या अवयवाला चिकटतो आणि ‘द’वर आघात येतो. ‘दऱ्या’त ‘र’ आणि ‘य’ दोघं मिळून दुसरा अवयव उघडतात, ‘द’ हलका राहतो. ‘आचार्यांना’ नमस्कार आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाची सूचना यांतला फरक तेवढाच. मराठी अवयवाच्या सुरुवातीच्या दारात बहुधा दोन व्यंजनं बिनतक्रार घेते, म्हणून तर आपल्याकडे म्हैस, त्याने, ज्याचा, व्हा असे घरचे शब्द आहेत आणि म्हणूनच आपल्याला ‘ऱ्य’साठी वेगळं चिन्ह लागतं.

आता यातला सगळ्यात देखणा भाग. जोडाक्षर फोडायचं ठरलं, तर स्वर बसवायचा कुठे? ‘प्रसाद’मध्ये तो आत शिरला. ‘स्कूल’मध्ये मात्र तो पुढे उभा राहिला : इसकूल. ‘सकूल’ का नाही झालं? ‘स्लेट’ची ‘सिलेट’ झाली, ‘ग्लास’चा ‘गिलास’ झाला, ‘श्री’चं ‘सिरी’ झालं. तिथे मात्र स्वर आत. ही निवड मनमानी वाटते, पण ती छत्तीसगढपुरती नाही, हिंदीच्या बऱ्याच पट्ट्यात आणि त्यापलीकडेही तीच आहे. ‘स’नंतर क, ट, प यांसारखं तोंड पूर्ण बंद करणारं व्यंजन आलं, तर स्वर पुढे लागतो. ‘स’नंतर ल किंवा र आला, अथवा बंद व्यंजनानंतर ल किंवा र आला, तर स्वर मध्ये.

कारण कानात आहे. ‘प्र’ म्हणताना ओठ सुटल्यापासून ‘र’ येईपर्यंत स्वरासारखी एक बारीकशी फट पडतेच. ‘स्ल’मध्येही ‘ल’ स्वतः स्वरासारखा घुमणारा असल्याने तिथे थोडा स्वर वाढला तर कानाला फार फरक जाणवत नाही. ‘स्क’चं तसं नाही. ‘स’चा फुसकारा सरळ ‘क’च्या शांततेत जाऊन थांबतो, मध्ये फट नाही. तिथे स्वर घुसवला तर शब्दाची ओळखच बदलते. त्यापेक्षा तो आधी लावला की ‘स्क’ अखंड राहतो आणि ‘इस्‌’ व ‘कूल’ असे दोन नीट अवयव पडतात. बोलणारा नकळत अशी जागा निवडतो जिथे मूळ शब्द सर्वांत कमी बदललेला ऐकू येईल. ‘स्न’ आणि ‘स्म’ या दोन टोकांच्या मधले, कारण न आणि म तोंड बंद करतात पण नाकातून घुमतही राहतात. म्हणूनच उत्तरेच्या बोलींमध्ये ‘अस्नान’ही ऐकू येतं आणि ‘सिनान’ही. ‘स्मरण’चं मात्र ‘सुमिरन’ झालं. सिद्धांत जिथे डळमळतो तिथेच लोकही डळमळतात, हे मला या सगळ्यातलं सर्वांत पटणारं प्रमाण वाटतं.

आणि हे जुनं आहे. पाली भाषेत ‘स्त्री’ची ‘इत्थी’ झाली, स्वर पुढे. ‘क्लेश’चं ‘किलेस’ झालं आणि ‘श्री’ची ‘सिरी’, स्वर मध्ये. इसकूल आणि गिलासचा कायदा दोन हजार वर्षांपूर्वीही असाच चालत होता.

आत शिरणारा स्वर कोणता, हेही शेजारी ठरवतात. पुढे ‘य’ असेल तर इ : धियान, पियास. ‘व’ असेल तर उ : दुवारी, सुवाद. बाकी ठिकाणी बहुधा अ : धरम, जनम, परसाद. ‘इ’ आणि ‘य’ म्हणताना जीभ जवळपास एकाच जागी असते, ‘उ’ आणि ‘व’ म्हणताना ओठ.

आपल्या भाषेचा कायदा फक्त जीभ पाळते असं नाही, कानही पाळतो. १९९९ साली एमान्युएल ड्यूपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच आणि जपानी लोकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘एबुझो’ या निरर्थक शब्दातला ‘उ’ हळूहळू कापत नेऊन शेवटी निव्वळ ‘एब्झो’ ऐकवला. जपानी भाषा असा संयोग स्वीकारत नाही. स्वर पूर्ण काढून टाकल्यावरही जपानी श्रोत्यांना ‘उ’ ऐकू येत राहिला, फ्रेंच श्रोत्यांना नाही. म्हणजे जपानी माणूस ऐकलेलं बिघडवत नव्हता, त्याला तो स्वर खरोखरच ऐकू येत होता. वर्गात ‘प्रसाद’ म्हण असं दहादा सांगूनही जे मूल ‘परसाद’ म्हणतं, त्याच्या कानाचा विचार आपण कधी केला?

मराठीनेही हेच केलं आहे, फक्त आपण त्याला प्रमाण मानून मोकळे झालो. रेल्वेचा ‘प्लॅटफॉर्म’ आपल्याकडे ‘फलाट’ झाला आणि स्टेशनांवरच्या घोषणांत रुजला. अरबी-फारसीतून आलेले हुक्म, वज्न, नक्ल, जख्म, शह्र हे शब्द शेवटी दोन व्यंजनं घेऊन आले होते. मराठीने त्यांचे हुकूम, वजन, नक्कल, जखम, शहर केले. ‘कुफ्ल’चं तर ‘कुलूप’ झालं, व्यंजनांनी जागाही बदलली. पण ‘कुलपाला’ म्हणताच तो मधला ‘ऊ’ गळतो आणि ‘ल’ व ‘प’ पुन्हा लगटून येतात. घरच्या ‘माणूस’चं ‘माणसाला’ होताना तेच घडतं. शेवटचं व्यंजन पुढच्या अवयवाला जाऊन मिळालं की स्वराची गरज संपते. छत्तीसगढीत ‘जनम’ आणि ‘जनमे’ यांच्यात हाच खेळ आहे, कारण ‘जनमे’ बोलताना ‘जन्मे’च होतं.

हा कायदा आपल्याकडच्या भाषांपुरताच नाही. दूर सैबेरियात, ओब आणि येनिसेय या नद्यांच्या मधल्या प्रदेशात, सेल्कुप नावाची भाषा आहे. ती उरालिक कुळातली, म्हणजे फिनिश आणि हंगेरियनची लांबची नातलग. सामोयेद भाषांच्या दक्षिणेकडच्या गटातली आज जिवंत असलेली ही एकटीच. तिच्या जुन्या शब्दांत सुरुवातीला दोन व्यंजनं येत नाहीत. तिच्या नात्यातल्या फिनिशने स्वीडिशमधला ‘स्कूला’ घेतला आणि त्याचा ‘कोउलु’ केला. अर्थ शाळाच. रायपूरच्या ‘टेसन’ने ‘स’ टाकला, फिनिशनेही टाकला. एकाच अडचणीतून निघायच्या वाटा मोजक्याच असतात, म्हणून एकमेकांना कधीही न भेटलेल्या भाषा त्याच वाटेने जातात.

मराठी माणसाचं आणि छत्तीसगढच्या भूमीचं नातं जुनं आहे. भोसल्यांची फौज १७४१ साली रतनपुरावर चालून आली, पुढे बिंबाजी भोसल्यांनी तिथून राज्य केलं. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. दक्षिणेला बस्तरमध्ये हलबी बोलतात. तिचा षष्ठीचा प्रत्यय ‘चो’ ऐकून कोकणी माणूस चमकेल. ग्रिअर्सननी हलबीला मराठीच्या खंडात जागा दिली. मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी अशा तिन्हींचे ठसे तिच्यावर आहेत. इतक्या जवळच्या शेजाऱ्याचा उच्चार आपण नियमाने समजून घेऊ नये, याचं वाईट वाटतं.

सध्या छत्तीसगढीत एक वाद रंगतो आहे : ‘शहर’ लिहायचं की ‘सहर’, ‘प्रसाद’ की ‘परसाद’? माझं मत असं की माणसांची नावं ती जशी लिहितात तशीच लिहावीत, पण भाषेत मुरलेले शब्द बोलले जातात तसेच छापावेत. ‘कर्म’ या एका शब्दातून या भाषेला दोन शब्द मिळाले. जुन्या प्राकृत वाटेने ‘कम्म’ होत आलेलं ‘काम’ आणि नंतर संस्कृतातून पुन्हा उचलून स्वरभक्तीने बसवलेलं ‘करम’, म्हणजे नशीब. दुसरा शब्द ‘कर्म’ असा छापला तर त्याचा हा प्रवासच पुसला जाईल.

प्राथमिक शिक्षकांना यातून वर्गात करण्याजोगं काही मिळतं. ‘शुद्ध बोल’ म्हणण्याऐवजी फळ्यावर एका बाजूला इसकूल, इस्टील लिहावं, दुसऱ्या बाजूला सिलेट, गिलास, परसाद, आणि दोन्ही रांगांत काय फरक आहे ते मुलांनाच शोधू द्यावं. मग ‘स्कॅनर’, ‘प्रिंटर’ आणि ‘स्लिप’ हे शब्द द्यावेत आणि आजी हे कसे म्हणेल ते लिहायला सांगावं. नियमाप्रमाणे पहिल्या शब्दात स्वर पुढे यायला हवा, उरलेल्या दोघांत मध्ये. ‘स्मार्टफोन’वर मात्र वर्गात दोन तट पडतील.