मुष्टिफंड : शब्द आणि संस्था

बालकांच्या शिक्षणास साहाय्य करणाऱ्या लोकनिधींचा उगम शोधताना आपण बहुधा संस्थापकांची चरित्रे चाळतो. परंतु लोकांनी निधीला कोणते नाव दिले, हाही त्या उगमाचा एक विश्वसनीय पुरावा होय. प्रस्तुत टिपणात ‘मुष्टिफंड’ ह्या एका शब्दाच्या आधारे हा विचार करावयाचा आहे.

हा समास संकरज आहे. संस्कृत ‘मुष्टि’चीच मराठीत ‘मूठ’ झाली. ‘फंड’ इंग्रजीतून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘फुंदुस’, म्हणजे तळ अथवा जमीन. प्रतिष्ठान ह्या अर्थाचा ‘फाउंडेशन’ हा शब्दही त्याच मुळाचा. मूठभर धान्य हाच संस्थेचा तळ, असा अर्थ ह्या समासातून नकळत व्यक्त झाला आहे.

ह्या नावाचे वेगळेपण कळण्यासाठी जुन्या दोन पद्धती ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली माधुकरीची व वारांची. ‘तो वार लावून शिकला’ ह्या वाक्यात खटपट करणारा विद्यार्थी आहे. देणारा गृहस्थ वाक्यात येतच नाही. रोज एका दारी उभे राहणे मुलाच्या वाट्यास येई, आणि ते दार उघडणे बहुतांशी जातीवर अवलंबून असे. ज्यांना उंबरठ्याशीच अडविले जाई, त्यांच्या मुलांना ही वाट नव्हतीच.

दुसरी पद्धत अक्षयनीवीची. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याचा उल्लेख आहे. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजातून भिक्षूंची सोय व्हावयाची. ही तजवीज टिकाऊ खरी, पण दाता एकच आणि धनवान. ह्याउलट १९६९-७० मध्ये उत्खनन झालेल्या पवनी येथील स्तूपाच्या कठड्यांवर निरनिराळ्या दात्यांची नावे कोरलेली आढळली. तेथे दाते अनेक आहेत. तरी प्रत्येकाचे दान त्याच्या नावाने वेगळे नोंदलेले आहे.

मुष्टिफंडात ह्या तिन्ही गोष्टी पालटतात. घरातील स्त्रीने स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूला ठेवावयाचे, ते गोळा होऊन एकत्र व्हावयाचे, आणि मग ते मुलांकडे जावयाचे. मुलास दारोदार जावे लागत नाही. एक मोठा दाता लागत नाही. आणि धान्य एकदा पोत्यात मिसळले की कोणाची मूठ कोणती, हे सांगता येत नाही. जिच्या हाती रोख पैसा नव्हता, ती गृहिणीही ह्यामुळे शिक्षणसंस्थेची भागीदार झाली.

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात पणजी येथे १९०८ साली स्थापन झालेल्या संस्थेने ‘मुष्टिफंड’ हेच नाव धारण केले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहांसाठीही मूठमूठ धान्य गोळा करण्यात आले. १९२४ पासून सातारच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली. वारांच्या पद्धतीत जे अशक्य होते, ते सामायिक धान्याने शक्य केले. ‘रयत’ हा शब्दही बोलका आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ राखावयाचा कळप, त्यावरून प्रजा. जी आजवर केवळ सारा भरीत होती, तिच्या नावाने आता शाळा उभी राहिली.

तथापि मुठीला मर्यादा होत्या. तिने ताट भरते. इमारत उभी राहत नाही, शिक्षकाचे वेतन निघत नाही. त्यासाठी रयत संस्थेलाही मोठ्या देणग्या, अनुदाने व विद्यार्थ्यांचे श्रम ह्यांचा आधार घ्यावा लागला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने वसतिगृहासाठी दिले. अशा वेळी ‘वर्गणी’ आणि ‘देणगी’ ह्यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. देणगी देणाऱ्याचे आपण आभार मानतो. वर्गणी देणारा हिशेब मागतो. निधी देणग्यांवर वाढू लागला म्हणजे हिशेब मागणाऱ्यांचा आवाज क्षीण होण्याचा धोका असतो. मूठ बंद झाली तरी नाव उरते. परंतु नावामागील हक्क उरतोच असे नाही.

आपल्या विदर्भाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही. भंडारा जिल्ह्यातील आसगाव हे पवनीच्याच परिसरातील, वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या मुलखात वसलेले गाव. अशा गावांत शाळेसाठी धान, श्रम वा पैसा कोणत्या नावाने दिला गेला, ते नाव प्रथम कोणी उच्चारले, आणि आज वृद्ध स्त्रिया त्याविषयी बोलताना ‘आम्ही दिले’ म्हणतात की ‘त्यांनी नेले’, ह्याची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. त्या एका सर्वनामात शाळा कोणाची, ह्याचे उत्तर दडलेले असते.