पक्ष्यांची श्वासनलिका

खटाव तालुक्यातील वडूजजवळच्या येरळवाडी तलावावर हिवाळ्यात येणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उथळ पाण्यात मान वाकवून आणि चोच उलटी धरून अन्न गाळतात. अशा लांब, सतत वळणाऱ्या मानेतून हवा फुप्फुसांपर्यंत अखंड पोचवण्याचे काम त्यांची श्वासनलिका करते. या नलिकेला कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचिक ऊतीच्या, कड्यांचा आधार असतो. माणसाच्या श्वासनलिकेतील कडी मागच्या बाजूस अपुरी असतात; पक्ष्यांची कडी मात्र पूर्ण गोल असून शेजारच्या कड्यावर थोडी चढलेली असतात, त्यामुळे मान वळली तरी नलिका दबत नाही. रोहितात अशी तीनशेहून अधिक कडी आढळतात.

सारख्याच वजनाच्या सस्तन प्राण्याशी तुलना केल्यास पक्ष्याची श्वासनलिका सरासरी 2.7 पट लांब आणि 1.29 पट रुंद असते. हवेला होणारा विरोध लांबीच्या प्रमाणात वाढतो, तर व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो, म्हणून रुंदीतील ही अल्प वाढ जादा लांबीची जवळजवळ पूर्ण भरपाई करते. तथापि फुप्फुसात न पोचता नलिकेतच राहणारी हवा सुमारे साडेचार पट होते, आणि तिचा तोटा भरून काढण्यासाठी पक्षी अधिक सावकाश व खोल श्वास घेतात.

पक्ष्यांच्या गळ्यातील स्वरयंत्रातून आवाज निघत नाही. छातीत जेथे नलिकेच्या दोन शाखा, म्हणजे श्वसनी, फुटतात तेथे शब्दिनी हा ध्वनी निर्माण करणारा अवयव असतो. त्याला ‘सिरिंक्स’ हे नाव थॉमस हक्सली यांनी 1872 मध्ये दिले. गाणाऱ्या पक्ष्यांना शब्दिनीच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवता येतात. शब्दिनीत उमटलेल्या ध्वनीला श्वासनलिकेत घुमारा मिळतो. महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया परिसरात उरलेल्या सारस क्रौंचाची नलिका उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या हाडाच्या, पोकळीत वेटोळी घालून बसलेली असते, आणि त्याची तुतारीसारखी हाक दूरवर पोचते.

परंतु केवळ नलिका लांब असल्याने आवाज मिळत नाही. चित्रबलाकासारख्या लांब मानेच्या करकोच्यांत शब्दिनी हलवणारे स्नायू विकसित झालेले नसतात, म्हणून प्रौढ पक्षी जवळजवळ मुका असतो आणि वीण काळात घरट्यावर चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर आपटून खडखडाट करतो.