दोरी, ओळंबा आणि मोटारीचे चाक

रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीची चाके पाहणाऱ्याला अगदी सरळ दिसतात. परंतु डोळा हा खरा परीक्षक नव्हे. कधी कधी नवे टायर थोड्याच महिन्यांत एका कडेला झिजून गुळगुळीत होतात, तर कधी सुकाणूचक्र सरळ धरूनही गाडी एका अंगाला ओढ घेते. चाकांच्या जुळणीत वाकडेपणा आल्याची ही लक्षणे असू शकतात. पावसात ओल्या रस्त्यावर असे झिजलेले टायर घसरतात. म्हणून हा दोष जिवावर बेतू शकतो.

या जुळणीत तीन कोन महत्त्वाचे असतात. वरून पाहिल्यास चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असते. या कोनास ‘टो’ म्हणतात. समोरून पाहिल्यास चाक आत किंवा बाहेर झुकलेले असते. हा ‘कँबर’ होय. ज्या अक्षाभोवती चाक वळते, त्याचा बाजूने दिसणारा कल म्हणजे ‘कॅस्टर’. प्रत्येक मोटारीसाठी हे कोन किती असावेत, ते तिच्या माहितीपुस्तिकेत किंवा दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेले असते.

यांपैकी टोची चूक टायरला फार लवकर झिजवते. समजा, चाकाच्या रिमच्या पुढच्या व मागच्या कडांमध्ये ४०० मिलिमीटर अंतर आहे आणि पुढची कड योग्य जागेपेक्षा केवळ १ मिलिमीटर आत आहे. मग चाकाची दिशा आणि गाडीची दिशा यांत दर ४०० मिलिमीटरला १ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे १ किलोमीटरच्या प्रवासात टायर जणू अडीच मीटर आडवा फरफटतो!

मोठ्या कार्यशाळांत हे कोन मोजण्यासाठी कॅमेऱ्यांची किंवा प्रकाशकिरणांची महागडी यंत्रे असतात. घरी काम करणाऱ्याने मात्र साधन निवडताना तीन प्रश्न विचारावेत. काय मोजायचे आहे? ते किती सूक्ष्मतेने मोजायचे आहे? आणि साधन स्वतः खरे आहे काय?

टो मोजण्यास बारीक नायलॉनची दोरी, ती ताणून बांधण्यासाठी चार जड व स्थिर आधार आणि पोलादी पट्टी एवढे पुरते. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असाव्यात व तिचे शून्य अगदी टोकाशी असावे. जाड सुतळी घेऊ नये. तिच्या जाडीतच १ मिलिमीटर हरवून जातो. कँबरसाठी गवंड्याचा ओळंबा चालतो. ४०० मिलिमीटर उंचीत १ अंशाचा कल सुमारे ७ मिलिमीटर भरतो, म्हणून तो पट्टीने सहज मोजता येतो. जमीन सपाट आहे की नाही हे पाहण्यासाठी स्पिरिट लेव्हल लागते. तिची परीक्षाही सोपी आहे: त्याच जागी तिची टोके अदलाबदल करून ठेवावीत. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूस व तेवढाच सरकला, तर लेव्हल खरी.

मोजण्यापूर्वी टायरमधील हवा योग्य दाबाची करावी आणि सुकाणूचक्र सरळ ठेवून गाडी थोडी पुढे ढकलावी, म्हणजे चाके स्वाभाविक स्थितीत बसतात. नंतर दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्यबिंदूच्या उंचीवर दोऱ्या ताणाव्यात. दोन दोऱ्यांमधील अंतर पुढे व मागे एकच हवे. तसेच डाव्या चाकाच्या मध्यापासून डाव्या दोरीचे अंतर जेवढे, तेवढेच उजवीकडेही हवे. मग दोरीपासून रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपर्यंतची अंतरे मोजावीत. पुढचे अंतर अधिक भरले, तर चाक पुढे आत वळले आहे. कमी भरले, तर बाहेर वळले आहे. माप दोनतीनदा घ्यावे. प्रत्येक वेळी निराळे येणारे माप विश्वासास पात्र नसते.

घरच्या साधनांना मर्यादाही आहेत. कॅस्टर अचूक मोजणे दोरीला साधत नाही. ते काम कार्यशाळेकडेच सोपवावे. सांधे सैल असतील किंवा रिम वाकली असेल, तर आधी ती दुरुस्ती करावी. टोची दुरुस्ती करणे हे जाणत्या मोठ्या माणसाचे काम आहे, आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली तर कोणीही, कधीही जाऊ नये.

मुलांना मात्र एक परीक्षा करता येते. इंजिन बंद असलेल्या उभ्या गाडीच्या टायरवरून तळहात हलकेच आडवा फिरवावा, आधी एका दिशेने व मग उलट दिशेने. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर टोमध्ये बिघाड असण्याचा संभव आहे. ही गोष्ट घरातील मोठ्या माणसांच्या कानावर घालावी.

साधन महाग आहे म्हणून माप खरे ठरत नाही. ज्याने आपले साधन आधी पारखले आणि माप पुन्हा ताडून पाहिले, त्याच्या हातातील साधी दोरीही खरे सांगते.