लाल टोपीतला पाणबुड्या

जून १९४३. महायुद्ध ऐन भरात, फ्रान्स परक्या फौजांच्या ताब्यात, आणि घराघरांत खाण्यापिण्याची टंचाई. भूमध्य समुद्राकाठच्या बांदोल गावाजवळ तेहतीस वर्षांचा एक नौदल अधिकारी पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्यात उतरला. खाली एका कपारीत शिरून पाहतो तर छताला शेवंडी चिकटलेल्या! दोन उचलल्या आणि वर आणल्या. वर त्याची बायको सिमोन पाण्यात डोकं घालून त्याच्यावर नजर ठेवून पोहत होती. तिच्या हातात शेवंडी दिल्या आणि हा पुन्हा खाली. खडकावर एक माणूस गळ टाकून निवांत बसला होता. त्याच्यासमोर लाटांतून एक तरुणी वर आली, दोन्ही हातांत वळवळत्या शेवंडी! एवढ्या जरा सांभाळा, असं सांगून तिने त्या खडकावर ठेवल्या. त्या बिचाऱ्याच्या हातून गळच सुटला.

पाणबुड्याचं नाव जाक-ईव्ह कुस्तो. वरून हवेची नळी नाही, डोक्यावर पितळी शिरस्त्राण नाही, माशासारखं हवं तिकडे पोहायचं, असं त्याच्या नव्या यंत्राचं समुद्रातलं हे पहिलं दर्शन. आज जगभर चालणाऱ्या स्कूबा डायव्हिंगची ही नांदी.

विमान हुकलं, समुद्र सापडला

कुस्तोचा जन्म ११ जून १९१०चा, बोर्दोजवळच्या सँत-आंद्रे-द-क्युबझाक गावातला. तेराव्या वर्षी साठवलेल्या पैशांतून त्याने सिनेमाचा कॅमेरा घेतला आणि आधी तो खोलून पाहिला! मोठा झाल्यावर त्याला नौदलाचा वैमानिक व्हायचं होतं. पण पंचविशीच्या सुमाराला मोटारीला अपघात झाला आणि दोन्ही हात जायबंदी झाले. एक हात कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. हा नाही म्हणाला. हातांत बळ यावं म्हणून तुलाँच्या किनाऱ्यावर रोज पोहू लागला. तिथे १९३६ साली फिलिप तायेझ या नौदलातल्या मित्राने त्याला पोहण्याचा चष्मा दिला. त्याने डोकं पाण्याखाली घातलं आणि पुढची साठ वर्षं त्या एका क्षणात ठरली.

गाडीचा व्हॉल्व्ह पाण्यात

सासरे एर लिकीद या गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्यामुळे एमिल गान्याँ या तिथल्या इंजिनिअरशी गाठ पडली. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून लोक गाड्या गॅसवर चालवत, आणि इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारा बेकलाइटचा एक व्हॉल्व्ह गान्याँने बनवला होता. कुस्तोला नेमकं तेच हवं होतं: माणूस श्वास घेईल तेव्हाच हवा सुटावी, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने.

पॅरिसजवळच्या मार्न नदीत १९४३च्या जानेवारीत चाचणी झाली. आडवं पोहताना यंत्र झकास चाले. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढताना दमछाक होई. दोघं निराश होऊन परत निघाले आणि वाटेत गाडीतच उत्तर सापडलं. उभं राहिलं की हवा बाहेर सोडणारं तोंड आत घेणाऱ्या तोंडापेक्षा वर जाई, उलटं झालं की खाली. वितीएवढ्या अंतरातही पाण्याचा दाब बदलतो आणि तेवढ्याने सगळं बिघडतं. दोन्ही तोंडं शेजारी शेजारी आणली आणि काम झालं. मला हा किस्सा कुस्तोच्या साऱ्या पराक्रमांहून आवडतो, कारण यात सगळी करामत निव्वळ विचाराची आहे.

रक्त हिरवं का दिसलं?

कुस्तोचा जोडीदार फ्रेडरिक द्युमा ऊर्फ दिदी हा भाल्याने मासे मारण्यात वाकबगार. एकदा बऱ्याच खोलीवर त्याने एक दांडगा मासा भोसकला आणि जखमेतून रक्त आलं ते हिरवं! दोघं थक्क. मासा वर आणू लागले तसा रंग पालटत गेला. आधी गडद तपकिरी, मग गुलाबी, आणि पृष्ठभागावर आल्यावर लालभडक. कारण सरळ आहे: पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सगळ्यात आधी गिळतं. म्हणूनच पुढे कुस्तोचे लोक झगझगीत दिवे घेऊन उतरले. उजेड पडला आणि काळपट निळे वाटणारे खडक तांबडे-नारिंगी निघाले. तिथल्या माशांनीसुद्धा हे रंग कधी पाहिले नसतील.

एक फ्रँक भाडं

कुस्तोचं जहाज कॅलिप्सो मूळचं सुरुंग काढणारं. ते अमेरिकेत ब्रिटिश नौदलासाठी बांधलं गेलं आणि युद्धानंतर माल्टात फेरीबोट म्हणून चालू लागलं. १९५० साली लोएल गिनेस या ब्रिटिश धनिकाने ते विकत घेतलं आणि वर्षाला एक फ्रँक भाड्याने कुस्तोला दिलं.

जहाज मिळालं, पण ते चालवायचं कशावर? सिमोनने आपले दागिने विकले. कुस्तोपेक्षा ती जास्त काळ जहाजावर राहिली. खलाशांचं खाणंपिणं, आजारपण, भांडणं, सगळं तिच्याकडे. तिला ते 'मेंढपाळीण' म्हणत. पडद्यावर मात्र ती फारशी दिसत नाही, कारण तिला कॅमेऱ्यासमोर यायला आवडत नसे. कॅलिप्सोचा खरा तांडेल कोण, असं मला विचारलंत तर मी सिमोनचंच नाव घेईन.

बावीसशे वर्षांची दारू

१९५२ साली मार्सेजवळ एका बुडालेल्या प्राचीन गलबतातून त्यांनी दारूचे मातीचे रांजण वर काढले. एकाचं बूच शाबूत होतं. कुस्तोने चव घेतली. अगदीच बेचव!

हेकरूला कैद

हिंदी महासागरात सेशेल्सकडच्या असम्शन बेटापाशी चित्रीकरण चालू असताना एका भल्यामोठ्या हेकरू माशाशी पाणबुड्यांची दोस्ती झाली. त्याचं नाव जोजो. हातातून मांस खाऊन खाऊन तो इतका सोकावला की पाठ सोडेना. कॅमेऱ्यापुढे येई, खाऊची पिशवी ओढी, दुसऱ्या माशांना जवळ येऊ देईना. शेवटी मुशीपासून बचावासाठी आणलेल्या पिंजऱ्यात जोजोलाच कोंडलं आणि मग पुढचं काम झालं.

तो चित्रपट म्हणजे 'द सायलेंट वर्ल्ड'. सहदिग्दर्शक लुई माल, वय जेमतेम तेवीस. १९५६ साली कान महोत्सवात याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि पुढच्या वर्षी ऑस्करही. कानचा तो मान पुन्हा माहितीपटाला मिळायला २००४ साल उजाडावं लागलं.

पण याच चित्रपटात आज पाहवत नाहीत अशीही दृश्यं आहेत. मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवलेला. जहाजाच्या पंख्याने जखमी झालेलं देवमाशाचं पिल्लू, त्यावर तुटून पडलेल्या मुशी, आणि त्यांना ओढून डेकवर काढून ठेचणारे खलाशी. ही दृश्यं झाकून कुस्तोची गोष्ट सांगू नये. तेव्हा समुद्र अथांग आणि न संपणारा वाटे, त्यालाही वाटलं. वर्षानुवर्षं त्याच त्या जागी पुन्हा उतरल्यावर मासे कमी झालेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि माणूस बदलला.

१९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकायचा बेत फ्रान्सने आखला, तेव्हा कुस्तो उघडपणे विरोधात उभा राहिला आणि बेत बारगळला. १९७३ साली त्याने समुद्ररक्षणासाठी कुस्तो सोसायटी काढली. ऐंशीच्या घरात असताना अंटार्क्टिकातल्या खाणकामाविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली आणि सहा खंडांतल्या सहा मुलांना घेऊन तो तिथे गेला. १९९१ साली माद्रिदमध्ये करार झाला आणि तिथल्या खाणकामावर बंदी आली. ऑस्कर मिळाली त्याहून हे काम मोठं, असं मला मनापासून वाटतं.

समुद्राखालचं घर

माहितीपटाचं दुसरं ऑस्कर कशाचं? १९६३ साली सुदानजवळ तांबड्या समुद्रात, दहा मीटर खोलीवर त्याने चांदणीच्या आकाराचं घर उभारलं. त्यात पाणबुडे महिनाभर राहिले, सोबतीला एक पोपट! जवळच छोट्या पाणबुडीसाठी गॅरेजही होतं. 'वर्ल्ड विदाउट सन' हा चित्रपट त्याच मुक्कामाचा. त्या वस्तीचे अवशेष आजही तिथे आहेत.

आणि कुस्तोच्या डोक्यावरची ती प्रसिद्ध लाल टोपी? शिरस्त्राण घालणारे जुने पाणबुडे आत लोकरी टोपी घालत, त्यांची ही आठवण.

दुःखं त्याच्याही वाट्याला आली. १९७९ साली धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ विमान अपघातात गेला. १९९६ साली सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. २५ जून १९९७ रोजी कुस्तो गेला, वय ८७.

तुम्ही तारकर्ली-मालवणला गेलात आणि सिंधुदुर्गाच्या परिसरात स्कूबासाठी उतरलात, तर तोंडात धरायला रेग्युलेटर देतील. त्याचं मूळ मार्न नदीतल्या त्या फसलेल्या चाचणीत आहे. पहिला श्वास घेताना कुस्तो आणि गान्याँची आठवण ठेवा. खाली प्रवाळाला हात लावू नका, त्यावर पाय देऊ नका. आणि माशांना काही खायला घालू नका. जोजोचं काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.